सव्वा इंच

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या मंगळवारी
काउंटी क्लार्कच्या कचेरीत काच बसवायला मला बोलावलं.
नेब्रास्काच्या या टोकाला तीस वर्षं मी काचाच बसवतोय:
चर्चच्या, न्हाव्याच्या, गारांनी फोडलेल्या,
हरीण धडकून तडकलेल्या ट्रकांच्या.
गोळी अडवणारी ही पहिलीच.
सव्वा इंच जाड. चौघांनी उचलावी लागली.
"खांदा द्यायला आल्यासारखं वाटतंय," बार्नी म्हणाला,
आणि मग दुपारपर्यंत काही बोलला नाही.

ॲडेल कुबिचेक पलीकडे लिफाफे लावत बसली होती.
बावीस वर्षं ती हेच करते.
लग्नांचे परवाने, वारलेल्यांची नावं यादीतून काढणं,
आणि दर दोन वर्षांनी मतं.
माझ्या लग्नाच्या कागदावर तिची सही आहे.
तेव्हा टेबलावर गोळ्यांची बरणी असायची,
पेपरमिंटच्या.
आता तिथे रबरी हातमोजे. लिफाफ्यातून पूड येते म्हणे कधी कधी.

गेल्या महिन्यात दूर कुठल्याशा राज्यात
भर सभेत कुणी कुणाला गोळी घातली.
पहिल्या तासात आमच्या गावाने मेलेल्याचं नाव विचारलं,
दुसऱ्या तासात मारणाऱ्याचा पक्ष.
तिसऱ्या तासाला कॅफेतली टेबलं दोन भिंतींना सरकली होती.
मधल्या मोकळ्या जागेतून
वेट्रेस कॉफी घेऊन जात होती, अंग चोरून.

"ऐकायचंय?" ॲडेलने विचारलं.
मी नको म्हणायच्या आत तिने फोनचं बटण दाबलं.
पुरुषाचा आवाज. चढलेला नाही, उलट निवांत,
बियाण्याचा भाव सांगावा तसा.
तू काय मोजलंस ते आम्हाला ठाऊक आहे.
तुझ्या ओसरीवरचा दिवा पिवळा आहे, तेही.
पुढे जे होतं ते मी इथे लिहीत नाही.
आणि शेवटी, ठेवता ठेवता,
"सांभाळून जा हं."

माझ्या हातातला सिलिकोनचा नळा
तसाच वाहत राहिला चौकटीवर.

चौऱ्याण्णवच्या हिमवादळात
माझा ट्रक कुंपणापर्यंत गाडला गेला होता.
वेंडल श्रेडर ट्रॅक्टर घेऊन आला,
फावड्याने दार मोकळं केलं,
स्वतःचे मोजे काढून माझ्या हातात घातले,
आणि वळताना म्हणाला तेच, त्याच सुरात.
तो सगळ्यांनाच म्हणतो. दुकानात, दफनभूमीत,
बेसबॉल हरून रडणाऱ्या पोरांना.
जिभेचं वळण ते. धमकी देतानाही सुटलं नाही.

काच बसली. ॲडेल पलीकडून काहीतरी बोलली.
ओठ हलले. मी कानाला हात लावला.
तिने खालच्या फटीशी वाकून पुन्हा सांगितलं:
"बिल कुणाच्या नावाने करशील?"

संध्याकाळी मी वेंडलकडे गेलो.
बायको गेल्यापासून त्याच्या घरी टीव्ही बंद होत नाही.
पडद्यावर कुणीतरी बोट रोखून ओरडत होतं,
त्याचा निळा उजेड वेंडलच्या चष्म्यावर.
कुत्र्याने मला ओळखलं. त्यानेही.
कॉफी दिली, साखर न विचारता, बरोबर दोन चमचे.
शब्द माझ्या घशात अडकून बसले,
शेरिफचा नंबर शर्टाच्या खिशात, घामाने ओला.
मी एवढंच म्हणालो,
"आज ॲडेलकडे काच बसवली."

त्याने आवाज बारीक केला.
बराच वेळ कपात बघत राहिला.
"किती जाडीची?"
"सव्वा इंच."

त्याने अंगठा आणि बोट समोर धरलं,
मधे तेवढंच अंतर ठेवलं,
आणि एक डोळा मिटून त्यातून माझ्याकडे पाहिलं.

"पुरेल?" म्हणाला.